कानाची पाटी

पाटी धडकेत उडाली नव्हती. ती मी काढली होती. अपघाताच्या दोन महिने आधी, भर दुपारी, अंगणात बसून, माझ्याच पान्याने दोन नट सोडवून. पोलिसांनी जबाब घेताना विचारलं, "सायकलवर काही खूण होती का? बाईला ऐकू येत नाही हे मागच्याला कळेल अशी?" तेव्हा मी म्हणालो, "होती साहेब. कानाची पाटी होती. धडकेत कुठेतरी उडाली असेल." त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सहीसुद्धा ठसठशीत येते.

त्या एका वाक्यामुळे टेम्पोवाल्याची बाजू बुडाली. पाटी दिसत असूनही त्याने बाईला उडवलं, असा त्याचा अर्थ झाला.

मी पेंटर आहे. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. डहाणू रोड स्टेशनजवळ माझं छोटं दुकान आहे आणि घर सरावलीला. 'पुढे शाळा आहे, वाहने हळू चालवा', दवाखान्याच्या दारावरची लाल फुली, ट्रान्सफॉर्मरवरची कवटी आणि दोन हाडं, विहिरीच्या कठड्यावर 'मुलांना सांभाळा', असल्या किती खुणा मी रंगवल्या असतील याचा हिशेब नाही. फ्लेक्स आल्यापासून काम उतरलं, पण गावातली माणसं अजून पत्रा घेऊन येतात. म्हणजे लोकांना सावध करणाऱ्या खुणा बनवणं हाच माझा धंदा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मला माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

माझी बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. सहा वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि ताप उतरला तेव्हा ऐकणं गेलेलं होतं. शाळा सुटली. होते ते शब्दही वर्षभरात गेले. मुक्या-बहिऱ्यांची शाळा लांब, वडिलांनी पाठवलं नाही. त्यामुळे आमच्या घरात एक हातांची बोली तयार झाली, जी बाहेर कोणालाही येत नाही. आई म्हणजे कपाळावर बोट. मी म्हणजे हवेत ब्रशचा फटकारा. माझी मुलगी म्हणजे दोन्ही हातांनी घातलेली वेणी. 'उद्या' म्हणजे तळवा पुढे उलटवायचा. बहीण या बोलीत भराभर बोलायची. रागावली की तिचे हात दिसायचेसुद्धा नाहीत. आई-वडील गेल्यावर बाहेरच्या जगाशी तिचं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. बँकेत, रेशनवर, डॉक्टरकडे ती हात करायची आणि मी बोलायचो.

तिने लग्न केलं नाही. घोलवडला चिकूच्या शेडमध्ये ती कामाला होती. झाडावरून उतरवलेले चिकू धुवायचे, निवडायचे, खोक्यात भरायचे. तिचं काम निवडायचं. फळ हातात घेऊन अंगठा जरा दाबला की तिला कळायचं, हे आज जाईल की परवा, दिल्लीपर्यंत टिकेल की वापीलाच संपवावं लागेल. तिथला वजनकाट्यावरचा गुजराती माणूस नव्या बायकांना सांगायचा, "आ बेन सांभळे नहीं, पण एनो हाथ सांभळे छे." या बाईला ऐकू येत नाही, पण तिच्या हाताला येतं, हे मी तिला हातांनी सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होती.

जायला-यायला तिची सायकल. सरावलीहून समुद्राच्या कडेच्या रस्त्याने घोलवड, पाऊण तासाच्या वर. आमच्या रस्त्यावर गाड्या हॉर्नवर चालतात. मागून हॉर्न आला की पुढच्याने बाजू द्यायची, बाकी सगळं त्याच्यावर सोडलेलं. माझी बहीण बाजू द्यायची नाही. मग टेम्पो, रिक्षा शेजारून जाताना ड्रायव्हर डोकं बाहेर काढून शिव्या द्यायचे. शिव्या तिला ऐकू येत नसत, पण शिवी देताना माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला पाठ होतं. संध्याकाळी घरी येऊन ती ते चेहरे करून दाखवायची. आम्ही हसायचो. तीही हसायची, पण जरा उशिरा.

मग एकदा अपंगाच्या दाखल्यासाठी डहाणूला शिबिर होतं. भिंतीवर एक निळं चित्र लावलेलं होतं. पांढरा कान आणि त्यावरून तिरपी रेघ. बहिणीने माझी बाही ओढली. त्या चित्राकडे बोट, मग स्वतःच्या कानाकडे, मग बाहेर उभ्या सायकलकडे, मग हवेत ब्रशचा फटकारा. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "बरोबर सांगताहेत त्या. काहीजण लावतात गाडीवर. मागच्याला कळतं."

मी त्याच आठवड्यात पाटी केली. वीतभर रुंद पत्रा, पिवळी जमीन, काळा कान, लाल रेघ. कान काढणं सोपं नसतं. आरशात माझाच कान बघून काढला, तरी पहिला कान चिकूच्या फोडीसारखा झाला. तिने पोट धरलं. दुसरा जमला. तिसऱ्या दिवशी स्टेशनसमोरचा चहावाला विचारतो, "काय पेंटर, कानाच्या डॉक्टरची जाहिरात घेतली का बहिणीच्या सायकलवर?" म्हणून मी खाली लिहिलं, 'ऐकू येत नाही. जपून.'

त्यानंतर रस्ता बदलला. पोरं 'कानवाली' म्हणायला लागली, पण टेम्पोवाले लांबून वळसा घालून जायला लागले आणि पुढे गेल्यावर खिडकीतून हात वर करायचे. ती घरी येऊन बोटं दाखवायची, आज सात जणांनी हात केला, आज नऊ. पूर्वी ती दर पन्नास पावलांवर मागे वळून बघायची. आता समुद्र बघत जाते, असं तिने मला सांगितलं. सहा वर्षं ती पाटी होती. दर दसऱ्याला सायकल धुऊन हार घालताना मी पाटीवर रंगाचा नवा हात मारायचो.

मग माझ्या मुलीला घोलवडचं स्थळ आलं. चांगलं होतं. मुलगा नोकरीला, घरची थोडी वाडी. मध्यस्थ आमच्याच नात्यातला. तो म्हणाला, "सगळं पसंत आहे. फक्त घरात काही आहे का, असं विचारत होते. रक्तातलं वगैरे."

मी म्हणालो, "नाही."

"मग झालं तर. रविवारी येतात."

शनिवारी दुपारी मी पाना घेऊन अंगणात बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"रंग उडालाय. नवीन करतो."

"उद्या पाहुणे यायचेत आणि आज रंग दिसला होय तुम्हाला?" मी दुसरा नट सोडवायला घेतला. ती म्हणाली, "पाटी काढाल. उद्या चहा घेऊन ती स्वतः येईल, तिला कुठे काढून ठेवणार?"

तेवढ्यात बहीण बाहेर आली आणि तिने हातांनी विचारलं, काय करतोस? मी पाटीच्या कोपऱ्यातला उडालेला रंग नखाने दाखवला. नवीन रंग, असं सांगितलं. तिने मान हलवली आणि रिकाम्या जागेवरची धूळ पदराने पुसली.

रविवारी पाहुणे आले. मी बहिणीला आत बसायला सांगितलं होतं, पण तिने नवं पातळ नेसलं होतं आणि भाचीचं लग्न ठरत असताना ती आत बसणार नव्हती. ती ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने कप उचलला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, या त्या सायकलवाल्या ना? आम्ही रोज बघतो. आमचा मुलगा मोटरसायकल घेऊन किती लांबून जातो यांना बघून!" मग माझ्याकडे वळून, "दारात सायकल बघितली, पण पाटी दिसली नाही हो?"

"रंगवायला काढलीय," मी म्हणालो.

"हो का. मग लवकर लावा बाई. रस्ता वाईट आहे."

इतकंच. त्यांना काही अडचण नव्हती. तापातून झालं हे ऐकून मुलाची आई हळहळली आणि तिने बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला. लग्न ठरलं. दुसऱ्याच दिवशी मी पाटी परत लावायला हवी होती. दोन नटांचं काम.

का नाही लावली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक उत्तर असं की लग्नाला त्यांचे सगळे नातेवाईक त्याच रस्त्याने येणार होते. मुलाच्या आईला चाललं म्हणून सगळ्यांना चालेल असं नाही. लग्न एकदाचं पार पडू दे, मग लावू. दुसरं उत्तर जास्त खरं आहे. सहा वर्षं ती पाटी तिची होती. त्या रविवारनंतर ती माझ्या डोळ्यांना माझ्या घराची पाटी वाटायला लागली. माझ्या घरात हे आहे, असं सांगत गावभर फिरणारी.

बहिणीने विचारलं. कानाला बोट, मग दोन्ही तळवे वर, कुठे आहे? मी तळवा पुढे उलटवला. उद्या. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. उद्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात धरलेली होती. तिनेच आपल्या हाताने सांगितलं, राहू दे, तुला काम आहे, नंतर.

आणि त्या पत्र्याचं मी काय केलं तेही सांगतो. लग्नाच्या मांडवाकडे वळायच्या कोपऱ्यावर बाणाची पाटी लागते. घरात दुसरा पत्रा नव्हता. मी कानावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले आणि वर लाल अक्षरांत 'शुभविवाह' लिहून बाण काढला. खांबावर बांधताना शिडी बहिणीने धरली होती. पत्रा पांढरा झाला होता, तिने ओळखला नाही. उलट बाण छान आलाय, असं बोटांनी सांगितलं.

लग्न छान झालं. बहीण इतकी नाचली की मुलाकडची माणसं बघत राहिली. चौथ्या दिवशी ती कामावर निघाली.

नरपड गाव ओलांडल्यावर तिच्या एका मैत्रिणीची वाडी उजव्या हाताला आहे. तिला लाडू द्यायचे होते. बहिणीने मागे बघितलं, टेम्पो लांब होता, तिने उजवा हात बाहेर काढला आणि वळली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. हॉर्न दिला म्हणजे बाई थांबणार, हे त्याने धरून चाललं, जसं आपण सगळेच धरून चालतो. ब्रेक नंतर दाबला.

जीव वाचला. वापीला नेलं, दोन ऑपरेशनं झाली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाकीची आहेत, पण वळत नाहीत आणि त्यांना काही लागत नाही. गरम कळत नाही, गार कळत नाही. फळ तर नाहीच. शेडवाल्यांनी सांगितलं, बेनला कधीही येऊ दे, बसायचं काम देऊ. ती एकदा गेली, चिकू हातात घेतला, अंगठा दाबला आणि परत टोपलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी गेली नाही.

पण हे कमी होतं. तिचं बोलणं गेलं ते जास्त होतं. आमच्या बोलीतली अर्धी अक्षरं दोन हातांची होती. भाचीचं नाव तिला आता घेता येत नाही, वेणी एका हाताने घालता येत नाही. डावा हात कधी बोलायला वापरला नव्हता, तो चुकतो, अडखळतो. ती भराभर बोलणारी बाई तोतरी झाली. बोलता बोलता मध्येच हात मांडीवर ठेवून देते.

वापीच्या दवाखान्याच्या दारात टेम्पोवाला उभा होता. तीस-बत्तीसचा, तलासरीकडचा. लोक त्याच्या अंगावर जात होते आणि तो एकच सांगत होता, "हॉर्न दिला, दादा. तीनदा दिला. बाई बाजूच होईना. मला काय माहीत?" कोणीतरी ओरडलं, "पाटी आहे तिच्या सायकलवर एवढी मोठी! अख्खा तालुका ओळखतो!" तो म्हणाला, "मी नवीन आहे या रस्त्याला. पाटी नव्हती. देवाशपथ नव्हती." आणि तो माझ्याकडे बघत राहिला, कारण मी भाऊ होतो, मला माहीत असणार होतं. मी जमिनीकडे बघितलं. मग पोलिसांनी मला विचारलं आणि मी ते वाक्य बोललो.

बहीण घरी आल्यावर सगळ्यांना सांगायची, चूक माझी. स्वतःकडे बोट, मग मान मागे वळवून दाखवायची आणि डावा हात नाही म्हणून हलवायची. म्हणजे, मी पुन्हा मागे बघितलं नाही. एकदाच बघितलं. पाटी नाही हे मला माहीत होतं, तरी एकदाच बघितलं. शेजारणी यायच्या, मी त्यांना ते बोलून सांगायचो. दर वेळी मीच सांगायचो, तिच्या वतीने, की चूक तिची.

मग तिने टेम्पोवाल्याचं विचारलं. मी म्हणालो, घरी बसलाय, मालकाने गाडी काढून घेतली, केस चालू आहे. हे तिने धरून ठेवलं. रोज विचारायची. शेवटी हट्टच धरला. त्याच्याकडे जायचं. मी केस, पाऊस, गुडघा, सगळं सांगून पाहिलं. उद्या म्हणून सांगितलं. एका सकाळी उठून बघतो तर ती पिशवीत चिकू भरून बाहेर ओट्यावर तयार होऊन बसलेली. बायको आतून म्हणाली, "आता जाऊन याच. आणि तिथे तरी खरं बोला. मी इतके दिवस गप्प बसले, माझ्या घशाला आग पडलीय."

एसटीने तलासरी, तिथून वडापच्या जीपने डोंगराकडे, पुढे पायी. भात कापून झालेलं, शेतात खुंट. बहीण पुढे आणि मी मागे. मागून एक मोटरसायकल हॉर्न देत आली तसा मी धावत जाऊन तिला बाजूला ओढलं. तिने दचकून माझ्याकडे बघितलं आणि हसली.

टेम्पोवाला अंगणात कूड सारवायला बायकोला मदत करत होता. आम्हाला बघून उभा राहिला, हाताला शेण तसंच. त्याची आई दारात बसून नाचणी पाखडत होती. तिने खाट पुढे सरकवली.

"ये बाय, बस." मग मला म्हणाली, "तुझे बहिणीचा हात गेला, माझे पोराची गाडी गेली. आता तू काय न्यायला आला?"

"आई, गप," टेम्पोवाला म्हणाला. "काका, पाणी घ्या."

बहिणीने पिशवी म्हातारीच्या पुढे ठेवली. मग ती खाटेवर बसली नाही. टेम्पोवाल्याच्या समोर उभी राहिली आणि डाव्या हाताने बोलायला लागली. स्वतःकडे बोट. मान मागे. नाही. पुन्हा स्वतःकडे बोट, छातीवर दोनदा. मग त्याच्याकडे हात करून, तू नाही, असं. शेवटी तिने हात जोडायला बघितले. डावा तळवा आणि उजवीकडचं ते वाकडं काहीतरी, नीट जुळेनात. तरी तसेच कपाळाला लावले.

टेम्पोवाला घाबरला. "काका, काय म्हणतात ताई?"

बहीण माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं तिने हात केला की मी बोलायचो, तसं आता बोलेन म्हणून थांबली होती. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, इतक्या शेजारणींना सांगितलेलं.

"ती म्हणते," मी सुरुवात केली आणि पुढे गेलो नाही.

"काय?"

"ती म्हणते चूक तिची. ते खरं नाही. तुझीही नाही. पाटी नव्हती. तू खरं बोललास. पाटी मी काढली होती, मुलीच्या लग्नासाठी, लोकांना दिसू नये म्हणून. पोलिसांना मी खोटं सांगितलं. उद्या जाऊन जबाब बदलून देतो, तू चल बरोबर, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, समोर उभा राहून ऐक."

म्हातारीचं सूप थांबलं. टेम्पोवाला वळला, हौदाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

बहीण माझ्या ओठांकडे आणि त्याच्या पाठीकडे आळीपाळीने बघत होती. हे आपलं वाक्य नव्हतं एवढं तिला कळलं होतं. तिने डावा तळवा वर केला. काय सांगितलंस?

आमच्या बोलीत माफीला खूण नाही. लहानपणी कप फुटला, पेन हरवलं की मी कान धरायचो आणि ती हसून सोडून द्यायची. ते इथे करायची मला हिंमत झाली नाही. मी खाली मातीत तिच्यासमोर बसलो, म्हणजे माझे हात तिला नीट दिसतील, आणि एकेक करून सांगितलं. पाटी. मी काढली. रंगासाठी नाही. लग्न, माणसं, त्यांचे डोळे. मला लाज वाटली. तुझी. पाटी दिसू नये म्हणून. उद्या म्हणालो, ते खोटं. पुन्हा उद्या, पुन्हा खोटं. पत्रा पांढरा केला, बाण काढला, शिडी तू धरलीस. तू मागे बघितलंस, तू बरोबर बघितलंस. चूक तुझी नाही. तुझा हात मी नेला. इतके दिवस तू 'चूक माझी' म्हणत होतीस आणि मी ते लोकांना मोठ्याने सांगत होतो. हात थांबायला लागले तरी मी थांबलो नाही. शेवटी तिच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं आणि ते तिला ऐकू जाणार नाही हे माहीत असून म्हणालो, माझं चुकलं गं. मला माफ कर.